कुलपापासून साबणापर्यंत : अर्देशीर गोदरेज यांचा सचोटीचा प्रवास

साबणाच्या वडीची कथा लखनौच्या छावणीपासून सुरू करावी, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. मात्र आपण अंगाला किंवा तोंडाला जे लावतो त्यात नेमके काय मिसळलेले आहे, या प्रश्नाने भारताच्या इतिहासात एकदा मोठी उलथापालथ घडवून आणली होती आणि त्या घटनांच्या प्रमुख स्थळांपैकी एक लखनौची छावणी होते. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी मुंबईतील एका पारशी उद्योजकाने याच प्रश्नाला स्नानाच्या साबणापुरते एक सरळ उत्तर दिले. त्या उद्योजकाचे नाव अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

१८५७ च्या एप्रिल महिन्यात लखनौ येथे गोमतीच्या उत्तरेकडील मडियांव छावणीत ४८ व्या देशी पलटणीचे डॉक्टर वेल्स यांनी रुग्णालयातील औषधाची बाटली स्वतःच्या तोंडाला लावली. ही वार्ता शिपायांमध्ये पसरली आणि ते औषध बाटले, अशी भावना झाली. पलटणीच्या अधिकाऱ्याने शिपायांसमक्ष ती बाटली फोडून टाकली. तरीही थोड्याच दिवसांत डॉक्टरांचा बंगला पेटवून देण्यात आला. मे महिन्याच्या आरंभी लखनौतील अवध इर्रेग्युलर पायदळाच्या ७ व्या पलटणीने काडतुसे दातांनी तोडण्यास नकार दिला. वास्तविक ती काडतुसे पूर्वीपासून वापरात असलेलीच होती, असे अधिकाऱ्यांचे सांगणे होते. परंतु गाय आणि डुकराच्या चरबीविषयीच्या वार्तेने विश्वास उडाला होता आणि अधिकाऱ्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. ३० मे रोजी रात्री छावणीत उठावाला तोंड फुटले. आज जी लखनौ छावणी म्हणून ओळखली जाते, ती शहराच्या दुसऱ्या बाजूस, दिलकुशाच्या परिसरात, त्यानंतर वसविण्यात आली.

या घटनांनंतर अकरा वर्षांनी, २६ मार्च १८६८ रोजी, मुंबईत अर्देशीर यांचा जन्म झाला. लखनौच्या घटनांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. मात्र वस्तूच्या आत काय आहे हे ग्राहकाला ठाऊक नसते, त्याला केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते आणि तो शब्द खरा असला पाहिजे, ही जाणीव त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या मुळाशी होती. सौंदर्यप्रसाधनांच्या आजच्या बाजारात त्यांचे चरित्र पुन्हा आठवावे, ते याच कारणासाठी.

बालपण आणि एक मोठा आघात

अर्देशीर हे बुर्जोरजी आणि दोसीबाई यांच्या सहा अपत्यांपैकी थोरले. आजोबा सोराबजी आणि वडील बुर्जोरजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय होता. कुटुंबाचे मूळ आडनाव गुथेराजी होते; १८७१ मध्ये बुर्जोरजींनी ते बदलून गोदरेज केले. खाऊनपिऊन सुखी असलेल्या या घरात अर्देशीर यांचे शिक्षण झाले आणि त्या काळच्या अनेक पारशी तरुणांप्रमाणे त्यांनी वकिलीचा मार्ग निवडला.

१८९० मध्ये त्यांचा विवाह बच्चूबाई यांच्याशी झाला. या संसाराला जेमतेम एक वर्ष लोटले असेल नसेल, तोच २५ एप्रिल १८९१ रोजी बच्चूबाई आणि नात्यातील पिरोजबाई या दोघी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर गेल्या आणि वरून खाली पडून दोघींचाही मृत्यू झाला. या घटनेने अवघी मुंबई हादरून गेली. त्यांच्या मृत्यूचे कारण काय, कोणी त्यांच्यावर हल्ला केला काय, यावर अनेक महिने वादंग माजले, चौकशा झाल्या, खटलाही चालला. मात्र कोणावरही दोष सिद्ध झाला नाही. वृत्तपत्रांतून तर्ककुतर्कांना ऊत आला असताना तेवीस वर्षांच्या अर्देशीर यांच्या वाट्याला केवळ दुःख आले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांना अपत्य नव्हते. पुढील साडेचार दशके त्यांनी जे काही उभारले, ते एकाकी आयुष्याच्या पार्श्वभूमीवर उभारले, हे ध्यानात ठेवावे लागते.

झांझिबारहून परतलेला वकील

१८९४ मध्ये मुंबईतील एका सॉलिसिटर पेढीने तरुण अर्देशीर यांना एका खटल्यासाठी पूर्व आफ्रिकेतील झांझिबार येथे पाठविले. आरंभी खटला अनुकूल चालला होता. परंतु पुढे असा प्रसंग आला, की पक्षकाराची बाजू राखण्यासाठी सत्याला मुरड घालणे आवश्यक ठरले. ज्या गोष्टीच्या खरेपणाची स्वतःला खात्री नाही, ती न्यायालयात ठामपणे मांडण्यास अर्देशीर यांनी नकार दिला. समजावणीचे सारे प्रयत्न निष्फळ ठरले. १८९५ मध्ये ते मुंबईस परतले आणि वकिली त्यांनी कायमची सोडून दिली.

व्यवहारी माणसाच्या दृष्टीने हा निर्णय आत्मघातकी होता. पत्नी गेलेली, हाती असलेला व्यवसाय सोडलेला आणि पुढे काय करावे याचा पत्ता नाही, अशी त्यांची अवस्था होती. त्यांनी औषधांच्या एका पेढीत साहाय्यकाची नोकरी धरली. तेथे त्यांची दृष्टी शस्त्रक्रियेच्या उपकरणांकडे वळली. ही उपकरणे परदेशातून येत. ती येथेच तयार का करू नयेत, असा विचार करून त्यांनी वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या बनविण्यास प्रारंभ केला.

माल उत्तम उतरला. पेढीच्या चालकांनाही तो पसंत पडला. मात्र त्यावर विलायती शिक्का असावा, अशी त्यांची अट होती. कारण देशी शिक्क्याची उपकरणे कोणी विकत घेणार नाही, असे त्यांना वाटत होते. अर्देशीर यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. वस्तू भारतात बनली असेल तर तिच्यावर तसेच लिहिले गेले पाहिजे, या मुद्द्यावर ते अडून बसले. व्यवहार फिसकटला आणि हा पहिला उद्योग बंद पडला.

या दोन अपयशांचे कारण एकच होते, हे सहज दिसून येईल. न्यायालयात खोटे विधान करावयाचे नाही आणि मालावर खोटा शिक्का मारावयाचा नाही. पुढे त्यांना जे यश लाभले, तेही याच हट्टातून.

विश्वास हाच माल

मुंबईत घरफोड्या वाढल्या असल्याच्या बातम्या त्या काळी वृत्तपत्रांतून येत होत्या. त्या वाचून अर्देशीर यांना कुलपांच्या उद्योगाची कल्पना सुचली. मेरवानजी कामा यांनी पुन्हा एकदा आर्थिक आधार दिला. ७ मे १८९७ रोजी लालबाग येथे, गॅस कंपनीच्या शेजारी, सुमारे दोनशे पंधरा चौरस फुटांच्या लहानशा शेडमध्ये मूठभर कारागिरांसह काम सुरू झाले. कामा यांचे एक नातलग, बॉइस, काही काळ भागीदार म्हणून आले आणि लवकरच बाहेर पडले. त्यांचे नाव मात्र कंपनीच्या नावात कायम राहिले.

कुलूप ही वस्तू ग्राहकाला आतून दिसत नाही. त्याचा चांगुलपणा चोर येऊन गेल्यावरच कळतो. त्यामुळे कुलपाच्या व्यापारात कारागिरीइतकेच महत्त्व शब्दाला असते. अर्देशीर यांनी कुलपाबरोबर हमी देण्याची प्रथा ठेवली. कुलपातील स्प्रिंग कालांतराने कमकुवत होऊन कुलूप निकामी होते, हा दोष दूर करण्यासाठी त्यांनी स्प्रिंगविरहित कुलपाची रचना केली आणि १९०९ मध्ये त्यासाठी ब्रिटिश पेटंट मिळविले. कुलपांपाठोपाठ विसाव्या शतकाच्या आरंभी तिजोऱ्या आल्या. आगीतही आतील कागदपत्रे सुरक्षित राहावीत, हा त्यामागील हेतू होता. १९०६ मध्ये धाकटे बंधू पिरोजशा उद्योगात दाखल झाले. थोरल्याने शोध लावावा, नवे प्रयोग करावेत आणि धाकट्याने कारखाना व व्यापार सांभाळावा, अशी कामाची वाटणी हळूहळू होत गेली.

याच सुमारास, १९०५ च्या वंगभंगानंतर, देशभर स्वदेशीची चळवळ पेटली. परदेशी मालावर बहिष्कार हा मंत्र घरोघरी पोहोचला. अर्देशीर हे राष्ट्रीय विचारांचे होते. पुढे टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपयांची देणगी दिली. मात्र स्वदेशीच्या नावाखाली निकृष्ट माल चढ्या भावाने ग्राहकाच्या गळ्यात मारावा, हे त्यांना पसंत नव्हते. देशी माल गुणवत्तेच्या बळावर विकला गेला पाहिजे, देशप्रेमाच्या भावनेवर नव्हे, असे त्यांचे मत होते. त्या भारावलेल्या काळात हे मत मांडणे सोपे नव्हते. भावनेच्या लाटेवर स्वार होऊन त्यांना सहज मोठा नफा कमावता आला असता.

चरबीचा प्रश्न

आता साबणाकडे वळू. साबण हा मूलतः चरबी किंवा तेल आणि क्षार यांच्या संयोगातून तयार होतो. चरबी व कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन असे दोन पदार्थ मिळतात. यासाठी युरोपात गुरांची चरबी मोठ्या प्रमाणावर वापरली जात असे. कारण ती स्वस्त होती आणि तिच्यापासून घट्ट, टिकाऊ वडी बनते. १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात ‘सनलाइट’ साबणाची खोकी उतरली आणि त्यानंतर विलायती साबणाने भारतीय बाजारपेठेत हातपाय पसरले.

शहरांतील सुशिक्षित घरांत साबण येऊ लागला, तरी अनेक घरांत त्याच्याविषयी संशय होता. महाराष्ट्रात अंगासाठी डाळीचे पीठ व उटणे आणि केसांसाठी शिकेकाई किंवा रिठा ही परंपरा होती. सोवळे पाळणाऱ्या घरांत साबणाला स्थान मिळणे अवघड होते. हा केवळ जुनाट विचारांचा हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. वडीत चरबी कोणत्या प्राण्याची आहे, हे वेष्टनावर लिहिलेले नसे आणि ते जाणून घेण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाला उपलब्ध नव्हता. लखनौच्या शिपायांचा प्रश्न न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

अर्देशीर यांनी हा प्रश्न नेमका हेरला. १९१८ मध्ये त्यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून बनविलेला ‘चावी’ नावाचा धुण्याचा साबण बाजारात आणला. कुलपांच्या उद्योगाची ओळख सांगणारे ते नाव होते. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. खोबरेल तेलाच्या साबणाला फेस भरपूर येतो, परंतु तो त्वचेला काहीसा रुक्ष करतो; तीळ किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा साबण सौम्य असतो, पण वडी मऊ राहते आणि पाण्यात लवकर विरघळते. फेस, घट्टपणा आणि सौम्यपणा हे तिन्ही साधेल असे मिश्रण केवळ वनस्पती तेलांतून जमविणे हे खरे कौशल्याचे काम होते.

धुण्याच्या साबणानंतर अंगाचा साबण आला. त्याचे नाव ‘नंबर २’ असे ठेवण्यात आले आणि त्यानंतर १९२२ मध्ये ‘नंबर १’ आला. दुसरा क्रमांक आधी आणि पहिला मागाहून, यामागे युक्ती होती, असे सांगितले जाते. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला, तर पहिल्या क्रमांकाचा किती चांगला असेल, असे ग्राहकाने मनाशी म्हणावे, ही त्यामागील कल्पना. सत्याच्या बाबतीत काटेकोर असलेला हा माणूस विक्रीच्या कलेतही मागे नव्हता. रवींद्रनाथ टागोर आणि ॲनी बेझंट यांच्यासारख्या थोर व्यक्तींचे अभिप्राय त्यांच्या साबणाच्या जाहिरातींतून झळकले. एका प्रतिस्पर्धी उत्पादकाने महात्मा गांधींकडे पाठिंबा मागितला असता, गोदरेज यांच्याविषयीच्या आदरापोटी गांधीजींनी तो देण्यास नकार दिल्याचेही सांगितले जाते.

दावा आणि वस्तुस्थिती

अर्देशीर यांचा साबण हा जगातील पहिला वनस्पतिजन्य साबण होता, असे अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. अर्देशीर यांच्याच कसोटीवर हा दावा घासून पाहिला पाहिजे. भूमध्य समुद्राच्या परिसरात, सीरियातील अलेप्पोपासून फ्रान्समधील मार्सेयपर्यंत, ऑलिव्ह तेलाचे साबण कित्येक शतकांपासून तयार होत आले आहेत. त्यामुळे जगातील पहिला हे विशेषण टिकणारे नाही. भारतीय ग्राहकाची अडचण ओळखून, प्राण्यांची चरबी नसल्याचे उघडपणे सांगून, कारखान्यात मोठ्या प्रमाणावर साबण बनविणाऱ्या आरंभीच्या देशी उद्योजकांत त्यांचे स्थान ठळक आहे, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि ते त्यांच्या थोरवीस उणेपणा आणणारे नाही.

दुसरी गोष्ट सौंदर्याची. वनस्पती तेलाचा साबण चरबीच्या साबणापेक्षा त्वचेला आपोआप अधिक हितकारक असतो, असा समज आजही आढळतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याला आधार नाही. तेल कोणतेही असो, त्यापासून तयार झालेला साबण हा क्षारधर्मीच असतो. आपल्या त्वचेचा सामू साधारण पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर साबणाचा नऊ ते दहाच्या दरम्यान. म्हणून कोरड्या त्वचेच्या व्यक्तींना साबणाने स्नान केल्यावर अंग ताणल्यासारखे वाटते. वनस्पतिजन्य साबणाने प्रश्न सुटला तो श्रद्धेचा आणि विश्वासाचा. त्वचा उजळण्याचा नव्हे. कोणत्याही साबणाने वर्ण बदलत नाही, कारण साबण काही क्षणांत धुऊन जातो आणि रंग ठरविणारे रंगद्रव्य त्वचेच्या आतील थरांत तयार होते.

केसांविषयीही हेच सांगता येईल. अंगाच्या साबणाने केस धुण्याची सवय अनेकांना असते. ज्या गावी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असते, तेथे पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून एक चिकट पांढरट थर तयार करतात. तो केसांवर बसला की केस निस्तेज आणि राठ दिसू लागतात. दोष केसांचा नसतो, पाणी आणि साबण यांच्या संयोगाचा असतो. शिकेकाई आणि रिठ्यातील फेस आणणारा घटक वेगळ्या प्रकारचा असल्याने जड पाण्यात असा थर तयार होत नाही. आपल्या आजीपणजींनी केसांसाठी साबण दूर ठेवला, त्यामागे सोवळ्याच्या जोडीला हा अनुभवही असावा. आजचे शाम्पू जड पाण्यातही काम देतात. मात्र महागडा शाम्पू केसांच्या मुळांना पोषण देतो, हा समज निराधार आहे. केसाचा बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. त्यावर लावलेली प्रसाधने केस मऊ आणि चमकदार करू शकतात, तो पुन्हा जिवंत करू शकत नाहीत.

वेष्टन वाचण्याची सवय

अर्देशीर यांच्या काळात ग्राहकाला उत्पादकाच्या सचोटीखेरीज दुसरा आधार नव्हता. औषधांविषयीचा देशव्यापी कायदा १९४० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी झाला आणि सौंदर्यप्रसाधने १९६२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कक्षेत आली. तरीही चरबीचा प्रश्न संपला नाही. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गुरांच्या चरबीची भेसळ होत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली आणि सरकारला चरबीच्या आयातीवर बंदी घालावी लागली. पुढे २०१४ मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट व अन्य प्रसाधनांच्या वेष्टनावर खाद्यपदार्थांप्रमाणेच हिरवा किंवा लाल-तपकिरी ठिपका छापण्याची तरतूद नियमांत करण्यात आली. ग्राहकाला आत काय आहे ते कळले पाहिजे, ही गोष्ट नियमात यावयास ‘चावी’ साबणानंतर जवळपास शंभर वर्षे जावी लागली.

वेष्टनावरील आणखी एक आकडा पाहण्यासारखा असतो. साबणात एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण किती, हे टक्क्यांत दिलेले असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला टीएफएम म्हणतात. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाचे तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात हे प्रमाण किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७० टक्के आणि तिसऱ्यात ६० टक्के असावे लागते. ज्या वडीवर टॉयलेट सोपऐवजी बेदिंग बार असे लिहिलेले असते, तिच्यात हे प्रमाण याहून कमी असू शकते. हा आकडा सुगंधी जाहिरातीपेक्षा अधिक खरे सांगतो. वडीत साबण किती आणि भरीचे पदार्थ किती, याचा अंदाज त्यावरून येतो. अर्थात, जास्त आकड्याचा साबण प्रत्येकाच्या त्वचेला मानवेलच असे नाही. त्वचा फार कोरडी असेल किंवा इसब असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे इष्ट.

अखेरची वर्षे

उद्योग भरभराटीस आला असताना अर्देशीर यांचे मन त्यातून निघू लागले होते. १९२८ मध्ये त्यांनी उद्योगाची सूत्रे आणि मालकी धाकटे बंधू पिरोजशा यांच्या स्वाधीन केली आणि स्वतः नाशिक परिसरात शेतीकडे वळले. शेतीत त्यांना कुलपांसारखे किंवा साबणासारखे यश लाभले नाही. मात्र नवे काही करून पाहण्याची हौस त्यांनी सोडली नाही. वकिली, शस्त्रक्रियेची उपकरणे, कुलपे, तिजोऱ्या, साबण आणि अखेर शेती, अशा अनेक वाटा चोखाळून जानेवारी १९३६ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. आयुष्याच्या आरंभी आणि अखेरीस अपयश, तर मधल्या काळात अपूर्व यश, असा हा प्रवास होता.

त्यांच्या पश्चात पिरोजशांनी उद्योगाचा विस्तार केला आणि विक्रोळी येथे मोठी औद्योगिक वसाहत उभारली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत झालेल्या भीषण स्फोटाच्या आगीतून गोदरेज तिजोऱ्यांतील चीजवस्तू बचावल्याचे सांगतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लक्षावधी मतपेट्या विक्रोळीच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. ज्या घराण्याचे नाव कुलपाच्या विश्वासावर मोठे झाले, त्याच्याकडेच मतांच्या पेट्यांचे काम यावे, हा सुखद योगायोग होता. २०२४ मध्ये या घराण्यातील दोन शाखांनी उद्योगांची वाटणी केली. नाव मात्र दोन्हीकडे कायम राहिले.

१९७४ मध्ये याच नावाने द्रवरूप केसांचा कलप बाजारात आला आणि पिकल्या केसांच्या असंख्य स्त्री-पुरुषांच्या घरात पोहोचला. कलपांविषयी येथे दोन शब्द सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. बाजारातील बहुतेक टिकाऊ काळ्या कलपांत पीपीडी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे रसायन असते आणि काही व्यक्तींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. म्हणून कोणत्याही कंपनीचा कलप असो, लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून पाहावा. खाज, लाली किंवा सूज आल्यास तो वापरू नये. पूर्वी कधी त्रास झाला नाही, म्हणून पुढेही होणार नाही, असे गृहीत धरू नये. भुवया आणि पापण्यांना कलप कधीही लावू नये. झटपट काळा रंग देणारी मेंदी घेतानाही घटक वाचावेत. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस असतो, काळा नव्हे.

या सूचना वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेल्या असतात आणि आपण त्या क्वचितच वाचतो. पूर्वी ग्राहकाला माहिती मिळत नव्हती. आता ती मिळते, पण वाचली जात नाही. अर्देशीर गोदरेज यांनी आयुष्यभर जी सचोटी उत्पादकाच्या बाजूने पाळली, तिचे फळ ग्राहकाने डोळे उघडे ठेवले तरच त्याच्या पदरात पडते.

लखनौ छावणीच्या सदर बाजारात असो, की लालबागेतील एखाद्या किराणा दुकानात, आज कोणीही साबणाची वडी उचलून तिच्या पाठीमागचा मजकूर वाचू शकतो. १८५७ च्या शिपायाला ही सोय नव्हती. त्याला केवळ दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा होता आणि तो शब्द त्याला खरा वाटला नाही. ज्याची खात्री नाही ते सांगावयाचे नाही, या एका निर्धारापायी झांझिबारमध्ये आपली वकिली गमावलेल्या तरुणाला हे अंतर पुरते समजले होते.